भट्टीवरच्या पोराला नावानं हाक मारा

धान कापून झालं. चुरणी आटोपत आली. गावोगावी मंडई भरतेय, घरात पाहुण्यांची वर्दळ आहे, रात्री नाटकाला पाय ठेवायला जागा नाही. याच दिवसांत आपल्या गोंदिया जिल्ह्यात माणसं दोन्ही दिशांनी हलू लागतात. बालाघाट, राजनांदगावकडची कुटुंबं येतात आणि वीटभट्टीच्या कडेला झोपड्या टाकतात. आणि आपल्याच सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावातली कुटुंबं घराला कुलूप घालून नागपूर, रायपूर, हैदराबादकडे निघतात. कुणी बांधकामावर, कुणी भट्टीवर, पुढे मिरचीच्या हंगामात कुणी तेलंगणात तोडणीला. मोठ्यांच्या पाठोपाठ मुलं असतात. येणाऱ्यांचीही आणि जाणाऱ्यांचीही.

या मुलांसाठी मी तुमच्या दारात आलेय. पैसे मागायला नाही, जुने कपडे गोळा करायलाही नाही. येत्या काही आठवड्यांत तुमच्या हातून एक गोष्ट व्हायला हवी आणि ती फक्त तुम्हीच करू शकता, म्हणून आलेय. आधी धोका काय तो ऐका.

डोळ्यांपुढे एक वर्ग आणा. तुमच्याच गावच्या जिल्हा परिषद शाळेतला चौथीचा वर्ग. दिवाळीची सुटी संपलीय. दारात नऊ वर्षांचा एक मुलगा उभा आहे. अंगात कुणाचा तरी जुना गणवेश, पायात काही नाही. गुरुजी विचारतात, "नाव काय रे तुझं?" तो तोंड उघडण्याआधीच मागच्या रांगेतून आवाज येतो, "गुरुजी, भट्टीवाला आहे तो!" वर्ग हसतो. गुरुजीही जरासे हसतात. त्यांच्या मनात काही वाईट नाही. मुलगा आत येऊन सगळ्यात शेवटी बसतो. त्याचं नाव त्या दिवशी कुणालाच कळत नाही.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या रांगेत तो आपणहून सगळ्यांच्या मागे जातो. तिसऱ्या दिवशी त्याला मराठीचा धडा मोठ्यानं वाचायला सांगतात. त्याची घरची बोली छत्तीसगढी. तो अडखळतो, चार मुलं तोंडावर हात धरतात. पाचव्या दिवशी तो घरून ताटली आणायला विसरतो आणि त्याची आई ती द्यायला शाळेच्या फाटकाशी येते. विटा पाडता पाडता तशीच उठून आलेली, कोपरापर्यंत माती. मुलगा तिला खिडकीतून पाहतो आणि संडासाच्या भिंतीमागे जाऊन उभा राहतो. ती बाई थोडा वेळ थांबते, फाटकाच्या गजात ताटली अडकवते आणि कामावर परत जाते. पोरगं कुठे खेळत असेल, असं तिला वाटतं.

हे कुणा एका मुलाचं चित्र नाही. पण अशा वर्गात वर्षानुवर्षं शिकवलेल्या कुठल्याही गुरुजींना, मॅडमना विचारा. ते या मुलाला ओळखतात.

आता नीट पाहा. या पाच दिवसांत त्या मुलाला कुणी मारलं नाही. कुणी शिवी दिली नाही. कुणी त्याला वर्गाबाहेर काढलं नाही. विचारलंत तर सगळे म्हणतील, आमच्या गावात तसला काही प्रकार नाही. आणि तरीही एक नऊ वर्षांचं पोर आपल्याच आईला ओळख द्यायला लाजलं. एवढं मोठं नुकसान पाच दिवसांत झालं, आणि ज्यांच्या डोळ्यांदेखत झालं त्यांना त्याचा पत्ताही नाही.

म्हणून सांगते, फक्त अपमान न करणं पुरेसं नाही. लोक आपल्याला हलकं समजतात ही समजूत मुलाच्या मनात एकदा पक्की बसली, की पुढे प्रत्यक्ष अपमानाची गरजच उरत नाही. मग ते न बोललेलंही ऐकू लागतं. दोन मुली आपसात हसल्या तर त्याला वाटतं, आपल्यालाच हसल्या. गुरुजींनी प्रश्न दुसऱ्याला विचारला तर वाटतं, आपल्याला येणारच नाही असं त्यांनी धरलंय. गणित चुकलं तर ते पुसून पुन्हा करत नाही, वही मिटून ठेवतं. काही मुलं अशानं आतल्या आत मिटतात. काही उलट होतात, ऊठसूट मारामारी करतात, आणि मग आपण म्हणतो, "बघा, भट्टीवरची पोरं अशीच!"

चीनमध्ये खेड्यातून शहरात मजुरीला आलेल्या लोकांच्या मुलांचा या अंगानं पुष्कळ अभ्यास झालाय. तिथे 1958 पासून हुकोऊ नावाची नोंदणी आहे. तिच्यामुळे शहरात वाढलेली मुलंही कागदावर खेड्याचीच राहतात, आणि शाळेत ते त्यांना जाणवतं. लोक आपल्याला कमी लेखतात असं ज्या मुलांना जास्त वाटतं, त्यांच्यात एकटेपणा, उदासी आणि भीती जास्त सापडते. पण आणखीही एक गोष्ट सापडते. ज्या मुलाच्या पाठीशी एखादा शिक्षक, एखादा सवंगडी, घरचं एखादं माणूस घट्ट उभं असतं, त्याच्यावरचा हा घाव उथळ राहतो. हे शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचा. ते तुमच्याबद्दल आहे.

चीन लांबचा वाटत असेल तर जवळचं सांगते. जागतिक बँकेच्या कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांमध्ये एक प्रयोग केला. तो 2004 मध्ये मांडला गेला आणि खूप गाजला. सहावी-सातवीतली 642 मुलं. निम्मी वरच्या समजल्या जाणाऱ्या जातींतली, निम्मी दलित. त्यांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले, जितके सुटतील तितके पैसे. मुलांच्या जातीचा उल्लेख केला नाही, तेव्हा दोन्हीकडची मुलं सारखीच हुशार निघाली. मग मुलांच्या दुसऱ्या गटात कोडी तीच ठेवली, पैसे तेच ठेवले, फक्त सुरू करण्याआधी प्रत्येकाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली. दलित मुलांची कामगिरी धाडकन खाली आली.

त्या मुलांची बुद्धी कुणी काढून घेतली नव्हती. चार लोकांत ओळख पुकारली, एवढंच झालं होतं. आता तो चौथीचा वर्ग आठवा. "भट्टीवाला आहे तो!" आपण रोज हाच प्रयोग करतोय, आणि आपल्या प्रयोगाला शेवट नाही.

गुरुजी, मॅडम, सगळ्यात आधी तुम्हाला हात जोडते. तुमच्यावर किती कामं लादलीत ते मी जाणते. ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, बैठका, सर्वेक्षणं, आणि कित्येक ठिकाणी दोन शिक्षकांवर चार वर्ग. तरीही पहिला दिवस तुमच्या हातात आहे. नवीन मूल दारात दिसलं की त्याचं पूर्ण नाव विचारा आणि तुमच्या तोंडून वर्गाला सांगा. कुठून आलास, बाप काय करतो, हे सगळ्यांसमोर विचारू नका. नंतर एकट्याला घेऊन विचारा. त्याला शेवटच्या रांगेत बसू देऊ नका. वर्गातल्या एखाद्या मायाळू, बोलक्या मुलाशेजारी बसवा आणि त्या मुलाला सांगा, "आठवडाभर हा तुझा जोडीदार." पाण्याला बरोबर, जेवायला बरोबर, खेळायला बरोबर. मित्र आपोआप होतील म्हणून वाट पाहू नका. नवख्या मुलाला मित्र जोडून द्यावा लागतो.

त्याच्या भाषेची लाज त्याला वाटू देऊ नका. आपला जिल्हा काही एका भाषेचा नाही. झाडीबोली आहे, पोवारी आहे, गोंडी आहे, हिंदी आहे, आमगाव-सालेकसाच्या पट्ट्यात छत्तीसगढीही कानावर पडते. जिल्हा परिषदेच्या हिंदी माध्यमाच्या शाळा आपल्याकडे आहेतच. त्याला छत्तीसगढीतली गोष्ट सांगायला लावा. वर्गाला चार शब्द शिकवायला सांगा. ज्या दिवशी ते मूल वर्गाला काहीतरी शिकवेल, त्या दिवसापासून त्याला हसण्याची वर्गाची सवय मोडू लागेल.

आणखी एक विचारते, प्रामाणिक उत्तर स्वतःलाच द्या. वर्गात कुणाचा कंपास हरवला, कुणाचे दहा रुपये गेले, की पहिलं दप्तर कुणाचं झाडलं जातं? भट्टीवरच्याचं? पालावरच्याचं? माणसांच्या अख्ख्या जमातींना जन्मानं गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी संपला. आपल्या वर्गातली ती झडती मात्र अजून चालू असेल, तर ती आजच बंद करा. एकदा सगळ्यांसमोर दप्तर उलटं केलेलं मूल ते आयुष्यभर विसरत नाही. वस्तू दुसऱ्याच कोपऱ्यात सापडली तरी विसरत नाही.

प्रवेशाचं तर बोलूच नका. दाखला नाही, आधार नाही, सत्र अर्ध्यावर आलंय, अशी कारणं सांगून मुलाला परत पाठवता येत नाही. शिक्षण हक्काचा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. 6 ते 14 वयाच्या मुलाला दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. ते दुसऱ्या राज्यातून आलं असलं तरी नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. वयाला साजेशा वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं वेगळं शिकवून भरून काढायचं, असं कायदा सांगतो. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणं, हे त्यात स्थानिक प्राधिकरणाचं कर्तव्य म्हणून स्पष्ट लिहिलंय. मुलाला मारायला त्यात बंदी आहे, तशीच त्याचा मानसिक छळ करायलाही आहे. हे मी तुम्हाला धाक दाखवायला सांगत नाही. कुणी तुमचा हात अडवला तर दाखवायला तुमच्याकडे कायदा आहे, म्हणून सांगते.

आता गावकरी मंडळी, तुमच्याकडे वळते. तुम्ही म्हणाल, शाळेचं शाळा बघेल. पण "भट्टीवाला" हे त्या मागच्या रांगेतल्या मुलाला कुणी शिकवलं? ते त्यानं घरी ऐकलं. अंगणात ऐकलं. "त्या भट्टीवाल्यांच्या पोरांत खेळू नको, उवा होतील." "सायकल आत घे, भट्टीवाले फिरतायत." आपण हे जाता जाता बोलतो आणि विसरून जातो. आपलं मूल ते जपून ठेवतं आणि सकाळी शाळेत घेऊन जातं.

म्हणून आज रात्री जेवताना तुमच्या मुलाला विचारा, "तुझ्या वर्गात नवीन कोण आलंय? नाव काय त्याचं?" नाव माहीत नसेल तर उद्या विचारून ये म्हणा. आठ दिवसांनी त्या मुलाला घरी बोलवा. मंडईच्या निमित्तानं केलेलं उरलंसुरलं नको, तुमचं मूल खातं तेच त्याच ताटात वाढा. दुकानदार दादा, ते पोर साबणाची वडी घ्यायला आलं तर त्याला इतरांसारखंच नावानं विचारा, आधी पैसे दाखव म्हणू नका. हापशीवर पाणी भरणाऱ्या ताई, भट्टीवरच्या बाईची घागर तिच्या नंबरावर लागू द्या. तिच्याबरोबर तिचं मूल उभं असतं. आपल्या आईला कसं वागवलं जातं, हे ते बघत असतं. मुलाच्या मनात स्वतःची किंमत ठरते ती अशा जागी.

आणि हे झालं नाही तर काय होतं, तेही ऐका. आधी सकाळी पोट दुखतं. खरंच दुखतं, नाटक नसतं. मग आठवड्यातून दोन दिवस दांडी. मग आई म्हणते, जात नाहीस तर निदान धाकटीला सांभाळ. मुलगी असेल तर तिथेच तिची शाळा संपते. मुलगा असेल तर सुकायला घातलेल्या विटा उलटायला लागतो. गंमत म्हणून सुरू होतं. हजार विटांमागे मजुरी असते, घरातल्या हातांवर कमाई ठरते, आणि ठेकेदाराची उचल फिटायची असते. दोन हंगाम गेले की त्याला शाळेत परत बसवणं जवळपास अशक्य होतं. वय वाढलेलं असतं, अक्षर विसरलेलं असतं, आणि हसतील या भीतीनं ते पाऊलच टाकत नाही. बापाची उचल मग मुलाच्या माथी येते. एका फिदीफिदी हसण्यापासून गोष्ट इथवर येते.

हे थांबवणं तुमच्या हातात आहे. सरपंचताई, सरपंचदादा, तुमच्या हद्दीत किती भट्ट्या आहेत? तिथे 6 ते 14 वयाची मुलं किती? या आठवड्यात अंगणवाडीताई, आशाताई आणि एक शिक्षक बरोबर घ्या आणि झोपडी झोपडी फिरून नावं लिहून आणा. नदीपलीकडे, गावापासून दोन-अडीच किलोमीटरवर असलेल्या झोपड्या सोडू नका. यादी शाळेत द्या. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. पुढच्या बैठकीला भट्टीवरच्या एका आईला बोलवा. खुर्चीवर बसवा, सतरंजीवर नाही. तिचं म्हणणं ऐका. गुरुजनहो, तुमच्यातले कित्येक जण बालरक्षक म्हणून आपणहून पुढे आलेत, शाळाबाह्य मुलांना परत आणलंय. त्यांना गावानं साथ द्यावी. वसईकडे विधायक संसद या संस्थेनं वीटभट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या, तेव्हा शाळा मुलांपर्यंत चालत गेली होती. आपल्याला तेवढंही करायचं नाही. आपल्याला फक्त शाळेचं दार मनापासून उघडायचंय.

भट्टीमालक दादा, तुम्हालाही सांगणं आहे. तुम्ही गावचेच आहात, तुमचीही मुलं शाळेत जातात. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं गुन्हा आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या पुढची एक गोष्ट करा. सकाळी नऊ वाजता भट्टीवरची मुलं शाळेकडे निघाली पाहिजेत, असं मुकादमाला तुम्ही स्वतः सांगा. अंतर जास्त असेल तर विटांच्या ट्रॅक्टरवरून नको, नीट गाडीनं पोचवायची सोय करा. आणि त्या माउलीला महिन्यातून एकदा, हातपाय धुऊन, लुगडं बदलून शाळेत जाऊन येण्याइतकी सवड द्या. त्या तासाभरानं तुमची भट्टी विझणार नाही.

आता एक बाजू अशी आहे जी आपण विसरतो. आपण इथे यजमान आहोत, तसे दुसरीकडे पाहुणे आहोत. आपल्याच तालुक्यातलं मूल आज नागपूरच्या एखाद्या वस्तीतल्या शाळेत बसलंय आणि 'पानी' म्हणालं म्हणून वर्ग त्याला हसतोय. हैदराबादला बांधकामावर आपलीच एक मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकाबाहेरून कवायत बघतेय. तिला तेलुगू येत नाही, आणि तिला आत बोलवणारं कुणी नाही. तिथल्या लोकांनी आपल्या लेकरांशी कसं वागावं असं तुम्हाला वाटतं? तेच इथे करा.

आणि 2020 आठवा. मार्चअखेर टाळेबंदी लागली. मुंबई-पुण्याकडून, हैदराबादकडून माणसं पायी निघाली. देवरीच्या महामार्गावरून छत्तीसगडकडे जाणाऱ्यांच्या रांगा आपण पाहिल्या. गावी पोचलेल्या आपल्याच माणसांना आपण शाळेत अलग ठेवलं. ते गरजेचं होतं. पण चौदा दिवस सरल्यावरही त्यांच्या पोरांना किती ठिकाणी "कोरोना" म्हणून हाक मारली गेली, किती अंगणांत त्यांना खेळू दिलं नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. ती आपलीच मुलं होती, आपल्याच गावात जन्मलेली. गावकुसाबाहेरून आलेल्याला परकं ठरवायला आपल्याला एक निमित्त पुरतं. ते निमित्त यंदा कुणाला देऊ नका.

आपल्याला हे जमत नाही असं म्हणू नका. आपल्या जिल्ह्यानं याहून मोठं करून दाखवलंय. पूर्व पाकिस्तानातून उखडलेली बंगाली कुटुंबं अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगरला वसली. त्याच तालुक्यात प्रतापगडच्या पायथ्याशी 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग वसाहत आहे. भाषा वेगळी, देव वेगळे, जेवण वेगळं. तरी ही माणसं आज इथलीच आहेत, बाजारात त्यांचा आपला भाव एकच असतो. सीमेपलीकडचं तर आपलं सोयरिकीचं नातं. लेकी आपण लांजीला देतो, बालाघाटला देतो, सुना डोंगरगढकडून आणतो. मग त्याच मुलखातून विटा पाडायला आलेल्या बाईचं मूल आपल्याला परकं का व्हावं? धानाचं रोप एका बांधीतून उपटून दुसरीत लावलं की चार-सहा दिवस मान टाकतं, हे तुमच्याइतकं कुणाला कळतं? त्या दिवसांत बांधीत पाणी राहील एवढंच तुम्ही बघता, आणि रोप उभं राहतं.

जे आईबाप गाव सोडून निघालेत, त्यांच्याशी आता बोलते. ताई, दादा, निघण्याआधी शाळेत जा. गुरुजींकडून शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. तुमचं मूल कितवीत आहे, काय शिकलंय, हे त्यावर लिहिलेलं असतं. ते जिवापाड जपा आणि जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवा. आजी-आजोबा घरी असतील तर मुलाला मागे ठेवता येतं का, ते बघा. स्थलांतरितांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिची मागणी गावानं मिळून शिक्षण विभागाकडे करा, एकट्यानं नाही. देवरीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात आश्रमशाळेची चौकशी करा.

आणि मुलाला एक गोष्ट निघण्याआधीच सांगा. "तिथे कुणी हसेल. तुझ्यात काही खोट आहे म्हणून नाही, त्यांना आपण माहीत नाही म्हणून. कुणी बोललं तर मला येऊन सांग." रात्री दमून आलात तरी दोन मिनिटं विचारा, आज कुणाशी खेळलास? कुणाशीच नाही म्हणालं, तर ते लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आपल्या कामाची लाज त्याच्यासमोर बोलून दाखवू नका. "आम्ही अडाणी, आम्ही मातीतली माणसं" असं तुम्ही म्हणालात की ते खरं मानतं. हे शहर, ही घरं, ही शाळासुद्धा आपण पाडलेल्या विटांची आहे, असं त्याला सांगा. ते खोटं नाही.

खुणा ओळखा, सगळ्यांनीच. सकाळी रोज पोट किंवा डोकं दुखणं. मोठं झालेलं मूल पुन्हा अंथरूण ओलं करणं. राहतो कुठे, याबद्दल खोटं सांगणं. आईबापाला शाळेत येऊ नका म्हणणं. जेवणाच्या सुटीत एकटं भिंतीशी उभं राहणं. अचानक मारकुटं होणं. यातलं एखादं दिसलं की ओरडू नका, जवळ बसवा. दोन-तीन आठवडे तसंच चाललं तर 14416 या क्रमांकावर फोन करा. ही सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. मूल संकटात दिसलं, कुणी त्याला कामाला जुंपलं, मारहाण केली, तर 1098. हे दोन नंबर शाळेच्या भिंतीवर आणि भट्टीच्या शेडवर रंगवून घ्या. एका डब्याचा खर्च आहे.

घाई का करते, तेही सांगते. मूल नव्या जागी आलं की पहिल्या काही दिवसांतच ते ठरवतं, इथले लोक आपले की परके. एकदा ठरवलं की मग नंतर कितीही माया केली तरी ते लांबून बघतं. यंदाचे हे दिवस आत्ता चाललेत. झोपड्या उभ्या राहिल्यात, काही उद्या उभ्या राहतील. मे सरता सरता, पहिल्या पावसाच्या आधी, भट्टी बंद होईल आणि ही कुटुंबं सामान ट्रकवर चढवून निघून जातील. त्या मुलाला परत हाताशी धरण्याची संधी तुम्हाला मिळेलच असं नाही. पुढच्या वर्षी ते दुसऱ्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्याच भट्टीवर असेल.

तुम्ही वाईट माणसं नाही. तुम्ही हे वाचत इथवर आलात, यातच ते दिसतं. मग एवढं करा. येत्या सोमवारी तुमच्या गावच्या शाळेत जा, मुख्याध्यापकांना भेटा आणि विचारा की भट्टीवरची किती मुलं दाखल झालीत. उत्तर शून्य असेल तर त्यांना बरोबर घेऊन त्याच दुपारी भट्टीवर जा.